गिझरवर आळ, गळती गॅलरीत: सतत पडणाऱ्या ईएलसीबीचं एक प्रकरण

हे प्रकरण मुलुंड पूर्वेतल्या एका जुन्या सोसायटीतलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. विजेचा भाग मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी विद्युत पर्यवेक्षक म्हणून इमारतींच्या वायरिंगची तपासणी करतो. या घरात मी पोचलो तोवर दोन वायरमन येऊन गेले होते, गिझरची कॉइल बदलून झाली होती आणि ईएलसीबी (वीज जमिनीकडे गळायला लागली की पुरवठा तोडणारं उपकरण) ‘डायरेक्ट’ केलेला, म्हणजे तारेनं वगळून टाकलेला होता.

पार्श्वभूमी

सर्वात वरच्या मजल्यावरचं दोन बेडरूमचं घर. काका-काकू दोघंच राहतात, मुलगी न्यू जर्सीला. काकूंना मधुमेह, त्यामुळे फ्रिजमध्ये इन्सुलिन कायम. इमारत १९८० च्या दशकातली, पण या घराचं वायरिंग नंतर नव्यानं करून घेतलेलं, भिंतीत दडवलेलं. दारामागच्या डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य स्विचांच्या डब्यात, एक दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) ईएलसीबी आणि त्याच्या पुढे प्रत्येक सर्किटचा एक असे सहा एमसीबी, सगळे एका पोलचे (फक्त फेज तोडणारे). (उपकरणावर आरसीसीबी असं छापलेलं असतं. घरात आणि दुकानात त्याला ईएलसीबीच म्हणतात, म्हणून इथेही तेच.)

या उपकरणाचं काम हिशेबनिसाचं. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. दोन्हींत फरक पडला, म्हणजे काही करंट तिसऱ्याच वाटेनं, अर्थिंगमधून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालला, की तो घराचा पुरवठा तोडतो. यालाच ईएलसीबी ‘पडणं’ म्हणतात. घरगुती ईएलसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो आणि प्रत्यक्षात तो १५ ते ३० च्या दरम्यान कुठेतरी पडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर हीच कमाल मर्यादा आहे. गिझरचा एमसीबी १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा. माणूस मरायला त्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी करंट पुरतो. शॉक बसलेल्या माणसाची एमसीबीला खबरही लागत नाही. तो तारा वाचवण्यासाठी असतो, माणसाला वाचवण्यासाठी नाही.

अडचण

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात ईएलसीबी पडायला लागला. आधी सकाळी, काका आंघोळीसाठी गिझर लावायचे तेव्हा. मग कधीकधी संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, गिझर बंद असतानाही. दुपारी मात्र पंखे, टीव्ही, दिवे सगळं बिनतक्रार चालायचं.

काका दांडी वर करायचे, कधी ती टिकायची, कधी हात काढायच्या आत खाली यायची. एकदा तर दांडी अर्ध्यातच अडकल्यासारखी वाटली आणि ईएलसीबीच खराब झाला असा त्यांचा समज झाला. पडलेल्या ईएलसीबीची दांडी काही बनावटींमध्ये मधोमध थांबते. आधी ती पूर्ण खाली दाबायची, मग वर करायची. एवढं माहीत नसल्यामुळे चांगले ईएलसीबी बदलले गेलेले मी पाहिले आहेत.

मुलीनं फोनवर सांगितलं, “बाबा, बाथरूमच्या सॉकेटवर रिसेटचं बटण असेल बघा, ते दाबा.” तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. अमेरिकेत हे संरक्षण बहुधा सॉकेटमध्येच बसवलेलं असतं, त्याला जीएफसीआय म्हणतात. ते ४ ते ६ मिलिअँपिअरला पडतं आणि त्यावर टेस्ट आणि रिसेट अशी दोन बटणं असतात. एका सॉकेटच्या पुढे जोडलेले इतर सॉकेटही त्याच्याच संरक्षणाखाली येतात. म्हणून तिकडे बाथरूममधला पुरवठा गेला तर रिसेटचं बटण कधीकधी गॅरेजमध्ये सापडतं. आपल्याकडे तेच काम डीबीमधला एकच ईएलसीबी अख्ख्या घरासाठी करतो. याची मोठी अडचण अशी, की गळती कुठेही असो, अंधार सगळीकडे होतो आणि फ्रिजही बंद पडतो. मुलीनं तिकडून एक जीएफसीआय सॉकेट पाठवायची तयारीही दाखवली. तो ११०-१२० व्होल्टसाठी बनलेला असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो लावायचा नाही.

समोरचे पर्याय आणि कोणी काय निवडलं

पहिला वायरमन ओळखीचा होता. गिझर लावला की पडतो, म्हणजे गिझर खराब, असं त्यानं ठरवलं. अंदाज अजिबात वाईट नव्हता. कॉइलला तडा गेला आणि पाणी आत शिरलं की फेजमधून गिझरच्या टाकीत गळती सुरू होते, हे मुंबईच्या घरांत नेहमीचं दुखणं. पण त्यानं कॉइल काढल्यावर मीटर लावून पाहिली नाही. जुनी कॉइल चांगली होती की नाही, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. नवी बसवल्यावर एक दिवस सगळं ठीक चाललं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पडला.

त्यानंतर शनिवारी संध्याकाळी जोराच्या पावसात दांडी टिकेचना. इन्सुलिन फ्रिजमध्ये, काका घाबरलेले. दुसरा वायरमन आला आणि त्यानं दोन उपाय पुढे ठेवले. एक, ३० ऐवजी १०० मिलिअँपिअरचा ईएलसीबी टाकू, “तो एवढा नाजूक नसतो.” दोन, सोमवारी दुकान उघडेपर्यंत डायरेक्ट करू. काकांनी दुसरा मान्य केला. ईएलसीबीच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमध्ये तारांचे दोन तुकडे आले आणि घरात उजेड पडला.

काकांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्यापुढे त्या क्षणी दोनच गोष्टी होत्या: अंधार किंवा उजेड. खरा प्रश्न इन्सुलिन थंड ठेवण्याचा होता आणि तो शेजारच्या घरातल्या फ्रिजनं दोन मिनिटांत सुटला असता. खालच्या मजल्यावरचं कुटुंब त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातलं होतं. पण वायरमननं “तुमची नेमकी अडचण कशाची आहे?” असं विचारलं नाही आणि काकांना सुचलं नाही. तिसरा पर्याय कुणाच्या डोळ्यांसमोर आलाच नाही.

१०० मिलिअँपिअरचा उपाय मला जास्त घातक वाटतो. डायरेक्ट केलेलं निदान लक्षात राहतं, सोमवारी कुणीतरी काढतं. १०० चा ईएलसीबी बसला की घर सुरक्षित दिसतं, टेस्टचं बटणही चालतं, पण माणसाच्या अंगातून ५०-६० मिलिअँपिअर गेले तरी तो गप्प बसू शकतो. १०० आणि ३०० चे ईएलसीबी मोठ्या इमारतीच्या मुख्य पुरवठ्यावर, आगीपासून संरक्षण म्हणून बसतात. बाथरूममध्ये ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसासाठी ते नाहीत.

शनिवार रात्र आणि अख्खा रविवार घर डायरेक्ट चाललं. काही झालं नाही. नेमकं हेच नंतर “काही होत नाही हो” या वाक्याचा आधार बनतं, म्हणून मुद्दाम नोंदवतो. रविवारी सेक्रेटरींना कळलं आणि त्यांनी मला फोन केला.

तपासणी

सोमवारी सकाळी मी आणि दुसरा वायरमन, दोघंही तिथे होतो. त्याला बोलवावं असा माझा आग्रह होता, कारण बायपास कुठे-कुठे केला ते त्यालाच ठाऊक होतं.

सर्वात आधी तारांचे तुकडे काढून ईएलसीबी पूर्ववत केला. टेस्टचं बटण दाबलं, तो पडला. म्हणजे उपकरण चांगलं होतं. हे बटण आतल्या एका रोधातून फेज आणि न्यूट्रलमध्ये मुद्दाम फरक पाडतं. अर्थिंगशी त्याचा संबंध नसतो. म्हणून टेस्टचं बटण चाललं यावरून घराचं अर्थिंग चांगलं आहे असं समजू नये. ते वेगळं तपासावं लागतं.

मग नेहमीची पद्धत: सगळे एमसीबी खाली, ईएलसीबी वर, एकेक एमसीबी चालू करत जायचं, ज्यावर पडेल त्या सर्किटमध्ये दोष. सकाळी अकराच्या सुमारास दिव्यांचे, पंख्यांचे, स्वयंपाकघराचे एमसीबी वर गेले, काही झालं नाही. गिझरचा एमसीबी वर केला, तरी काही नाही. गिझरचं बटण दाबलं आणि पडला. वायरमन माझ्याकडे बघून म्हणाला, “बघा साहेब, गिझरच.”

निर्णयाची खरी जागा ही होती. आम्ही गिझरची तार टर्मिनलवरून पूर्ण सोडवली आणि स्वयंपाकघरातली इंडक्शनची शेगडी पूर्ण तापमानावर लावली. वेगळं सर्किट, वेगळं उपकरण, गिझर जोडलेलाच नाही. ईएलसीबी पुन्हा पडला. मग शेगडीची पिन काढून इस्त्री लावली. थोडा वेळ टिकला, मग पडला. जड लोड कोणताही असो, परिणाम एकच. गिझर निर्दोष ठरला आणि संशय न्यूट्रलवर गेला.

कारण असं. न्यूट्रलची तार कुठेतरी अर्थिंगला टेकली असेल, तर परत येणाऱ्या करंटला दोन वाटा मिळतात. थोडा न्यूट्रलमधून जातो, थोडा अर्थिंगमधून पळतो. दिवे-पंख्यांच्या वेळी पळणारा हिस्सा नगण्य असतो. २ किलोवॉटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याचा अगदी लहानसा अंश अर्थिंगकडे वळला तरी ३० मिलिअँपिअरची मर्यादा ओलांडली जाते. जो जास्त करंट ओढतो त्याच्यावर आळ येतो, दोष दुसरीकडेच असतो.

संध्याकाळचं कोडंही यातच सुटतं. त्या वेळी अख्ख्या इमारतीचा लोड वाढलेला असतो. सगळ्यांचा करंट ज्या न्यूट्रलमधून परत जातो, तिच्यात आणि जमिनीत एखाद-दोन व्होल्टचा फरक तयार होतो. घरात काहीही चालू नसलं तरी तेवढा दाब बाहेरच्या न्यूट्रलमधून आत येऊन टेकलेल्या जागेवाटे अर्थिंगमध्ये करंट ढकलायला पुरतो. आणि इथे एका पोलचे एमसीबी फसवतात. ते फक्त फेज तोडतात, सगळ्या सर्किटांच्या न्यूट्रल डीबीतल्या एकाच पट्टीवर जोडलेल्याच राहतात. सगळे एमसीबी खाली असतानाही ईएलसीबी पडला, की लोक म्हणतात “भूत आहे” किंवा “ईएलसीबी गेला.” घरातल्या भिंतीवरच्या बटणांचंही तेच. बटण बंद केल्यानं फेज तुटते, न्यूट्रल उपकरणापर्यंत पोचलेलीच असते. म्हणून उपकरण तपासातून वगळायचं तर बटण बंद करून भागत नाही, पिन काढावी लागते.

आता मीटर रूममधून पुरवठा पूर्ण बंद केला, ईएलसीबी खाली ठेवला (तो दोन्ही पोल तोडतो, त्यामुळे घराची न्यूट्रल बाहेरच्या न्यूट्रलपासून सुटी होते) आणि टीव्ही, राउटर, वॉशिंग मशीन, फ्रिज सगळ्यांच्या पिना काढल्या. मेगर (तारांचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) ५०० व्होल्ट देतो, त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडलेल्या ठेवायच्या नाहीत. फेजच्या तारा अर्थिंगपासून तपासल्या, सगळ्या कित्येक मेगाओहमवर, म्हणजे उत्तम. न्यूट्रलची पट्टी तपासली, काटा शून्यावर. साध्या मल्टीमीटरनं मोजलं तर जेमतेम काही ओहम. ही ओल्या भिंतीची गळती नव्हती. ओल इतका कमी रोध देत नाही. धातू धातूला टेकला होता.

पट्टीवर सगळ्या न्यूट्रल काळ्या, एकावरही नंबर नाही. कोणती कोणत्या एमसीबीची, हे वायरिंग करणाऱ्याच्या डोक्यात राहिलेलं. एकेक तार स्क्रू सैल करून सोडवत गेलो आणि प्रत्येक वेळी मीटर पाहिला. एक तार सुटताच पट्टी मोकळी झाली. तीच तार वेगळी मोजली, दोष तिच्यात. हॉल आणि गॅलरीचे दिवे. हॉलचा बोर्ड उघडून सर्किट मधोमध तोडलं, हॉलकडची बाजू स्वच्छ, गॅलरीकडची नाही.

गॅलरीत लोखंडी ग्रिलवर धातूच्या अंगाचा एक दिवा होता. मे महिन्यात ग्रिल रंगवताना तो काढून पुन्हा बसवला गेला होता. त्याच्या पत्र्याच्या भोकातून तारा आत जातात, तिथला रबरी बुश परत लावलेला नव्हता. पत्र्याच्या धारेनं काळ्या तारेचं इन्सुलेशन हळूहळू कापलं होतं आणि आतलं तांबं दिव्याच्या अंगाला टेकत होतं. अंगाला अर्थिंगची हिरवी तार रीतसर जोडलेली होती, त्यामुळे न्यूट्रल सरळ अर्थिंगला भिडली. वाऱ्यानं दिवा हलायचा, तसा हा संपर्क जुळायचा आणि सुटायचा. खाडीकडच्या खारट हवेनं गंजही धरला होता. म्हणून कधी पडायचा, कधी नाही.

दिवा उन्हाळ्यापासून लावलाच नव्हता. काकू म्हणाल्या, “अहो, पण तो बंदच असतो की.” बटण बंद, फेज तुटलेली, न्यूट्रल टेकलेली.

निष्पत्ती

तारेचा खराब तुकडा कापून टाकला आणि प्लास्टिकच्या अंगाचा, आयपी ६५ दर्जाचा (धूळ-पाणी आत न जाऊ देणारा) दिवा बसवला. पुन्हा मेगर लावला, आकडा नीट आला. मग गिझर, शेगडी, वॉशिंग मशीन एकाच वेळी चालवली, ईएलसीबी टिकला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र गळती मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरच्या जबड्यात धरल्या, तर उरलेली गळती ५ मिलिअँपिअरच्या आत निघाली. कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी यांच्या फिल्टरमधून थोडी गळती नेहमीच होते. ती शून्य असावी असा हट्ट धरू नये. पण अशा उपकरणांची संख्या वाढत गेली तर एका ईएलसीबीची १५ मिलिअँपिअरपर्यंतची मोकळीक लवकर संपते.

फ्रिजसाठी कायमचा मार्ग काढायचा होता. काकांची पहिली कल्पना फ्रिज ईएलसीबीच्या आधीच जोडायची, म्हणजे तो कधी बंदच पडणार नाही. ती मी नाकारली. फ्रिजचं अंगही धातूचं आणि त्याला हात घरात सर्वात जास्त वेळा लागतो. त्याऐवजी फ्रिजला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ दिला. यात ईएलसीबी आणि एमसीबी एकत्र असतात. तो मुख्य ईएलसीबीच्या आधीपासून स्वतंत्र जोडला आणि त्याची न्यूट्रलही सामाईक पट्टीवर न ठेवता वेगळी नेली. ती चुकून सामाईक पट्टीवर गेली असती तर दोन्ही उपकरणं एकमेकांना पाडत बसली असती. डीबीत जागा नव्हती, बाजूला छोटा डबा लावावा लागला. गिझरसाठीही असाच आरसीबीओ घ्यावा असं माझं मत होतं. खर्चामुळे त्यांनी तो पुढे ढकलला.

सप्टेंबरात ईएलसीबी पुन्हा एकदा पडला. काकांनी सगळ्या पिना काढल्या, दांडी पूर्ण खाली करून वर केली, टिकली. एकेक पिन लावत गेले आणि जुन्या इस्त्रीवर पडला. या वेळी दोष खरोखरच इस्त्रीत होता, तिच्या दोरीचं इन्सुलेशन बुडाशी तडकलं होतं. कुणाला बोलवावं लागलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गिझरच्या कॉइलचा खर्च टाळता आला असता. कॉइल बदलण्याआधी गिझर सोडवून दुसरं जड उपकरण लावून पाहायला मिनिटभर लागतं. माझ्या मते प्रत्येक वायरमनने सर्वात आधी हीच चाचणी करावी, मीटरही नंतर.

काकांना एक प्रश्न सुरुवातीलाच कुणी विचारला असता तर तपास फार लवकर संपला असता: गेल्या दोन-तीन महिन्यांत घरात कुठे भोक पाडलं, दिवा बदलला, रंग लावला, फर्निचर ठोकलं? जुन्या वायरिंगमध्ये नवा दोष आला की बहुतेकदा तो एखाद्या ताज्या कामाच्या जागी सापडतो. रंगाऱ्यानं दिवा काढून बसवला ही गोष्ट तिथे कुणाच्या लक्षातही नव्हती, कारण ते विजेचं काम आहे असं कुणाला वाटलंच नाही.

दांडी किती वेळा वर करायची, यावरही मतभेद असतात. मी एकदाच म्हणेन, तीही सगळ्या पिना काढून. लगेच पडली तर पुन्हा पुन्हा जोर करायचा नाही, वीज बंद ठेवून माणूस बोलवायचा. डीबीचं झाकण उघडणं आणि मेगर लावणं हे परवानाधारक माणसाचं काम. पिना काढणं, एमसीबी एकेक करून पाहणं आणि महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबणं एवढं घरचा कुणीही करू शकतो.

दुसऱ्या वायरमनशी माझं एका मुद्द्यावर शेवटपर्यंत जमलं नाही. रात्री म्हातारी माणसं अंधारात असताना थोडा वेळ डायरेक्ट केलं तर काय बिघडलं, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, ज्या सर्किटवर संशय नाही तेवढंच चालू ठेव, बाकीची फेज आणि न्यूट्रल दोन्ही पट्टीवरून सोडव, ईएलसीबी जागेवर राहू दे. त्यात वेळ जास्त जातो आणि न्यूट्रलवर नंबर नसले तर आणखीच. तेवढं त्यानं मान्य केलं, आणि त्या घराच्या सहाही न्यूट्रलना नंबर लावून दिले.

सोसायटीच्या पंपघरात आजही ईएलसीबी नाही. वार्षिक सभेत विषय निघाला, कोटेशन मागवायचं ठरलं आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च आधी असल्यामुळे तो पुढच्या सभेवर गेला.